पार्क स्ट्रीटचे नाइट क्लब-कलावंत : ‘अपसंस्कृती’ आणि ‘सुवर्णकाळ’ या दोन शब्दांविषयी

१

कोलकात्यातील चौरंगी आणि पार्क स्ट्रीट या परिसरात स्वातंत्र्योत्तर काळाच्या पहिल्या अडीच दशकांत नाइट क्लबच्या मंचावर वावरलेल्या गायक, वादक आणि नर्तकांविषयी अलीकडे बरेच लेखन होऊ लागले आहे. पॅम क्रेन, लुई बँक्स, ब्राझ गोन्साल्विस, कार्ल्टन किटो, उषा अय्यर (पुढील उषा उथुप) आणि मिस शेफाली ही नावे वृत्तपत्रीय पुरवण्यांतून, आठवणीपर लेखांतून आणि माहितीपटांतून पुन्हा पुढे आली आहेत. या कलावंतांची औपचारिक संस्था नव्हती. त्यांचा जाहीरनामा नव्हता की मुखपत्र नव्हते. तथापि एकाच अर्ध्या मैलाच्या परिघातील मोकँबो, ट्रिंकाज, ब्लू फॉक्स, मूलाँ रूज, फिर्पोज आणि ग्रँड हॉटेल या ठिकाणी त्यांचा वावर होता, वादक एका वाद्यवृंदातून दुसऱ्यात जात होते, आणि परस्परांचे ऐकूनच त्यांची कला घडत होती. या अर्थाने त्यांना एक कलावंत-मंडळ म्हणणे युक्त ठरते.

या मंडळाविषयी बंगाली सांस्कृतिक व्यवहारात दोन शब्द आलटून पालटून वापरले गेलेले दिसतात. पहिला ‘अपसंस्कृती’. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत तो राजकीय व्यासपीठावरून उच्चारला गेला. दुसरा ‘सुवर्णकाळ’. तो त्यानंतर, प्रत्यक्ष व्यवहार जवळजवळ संपुष्टात आल्यावर, स्मरणरंजनाच्या भाषेत रूढ झाला. वरवर पाहता हे शब्द परस्परविरोधी वाटतात. पहिला निषेध करतो, दुसरा हळहळतो. परंतु दोहोंची पाहण्याची जागा एकच आहे, आणि ती म्हणजे ग्राहकाचे मेज. मंचावर उभे राहून काम करणाऱ्या माणसाला तेथून काय दिसत होते, हा प्रश्न दोन्ही शब्द विचारीत नाहीत. प्रस्तुत लेखात एक कादंबरी, दोन चित्रपट आणि एक आत्मकथन यांच्या आधारे हा प्रश्न उपस्थित करावयाचा आहे. त्याचबरोबर, भाषावार लिहिल्या गेलेल्या सांस्कृतिक इतिहासांत या मंडळाला जागा का मिळाली नाही, याचाही विचार करावयाचा आहे.

२

या मंडळाची पूर्वपीठिका वासाहतिक आहे. चौरंगीवरील फिर्पोज आणि ग्रँड हॉटेल ही युरोपीय समाजासाठी चालणारी स्थळे होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकाता हे मित्रराष्ट्रांच्या सैन्याचे मोठे केंद्र बनले आणि नृत्यसंगीताची मागणी एकदम वाढली. शिकागोत नावारूपाला आलेला आणि शांघाय, मुंबई अशा शहरांतून वाजवीत आलेला आफ्रिकन-अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफोर्ड या काळात ग्रँड हॉटेलमध्ये वाद्यवृंद चालवीत होता. १९४५ च्या एप्रिलमध्ये तो कोलकात्यातच पटकीने मरण पावला. वर्णभेदामुळे मायदेशी ज्याच्या वाटा मर्यादित होत्या, त्या कलावंताच्या हाताखाली अँग्लो-इंडियन, गोमंतकीय, ब्रह्मी आणि नेपाळी वादक जॅझचे पाठ घेत होते, ही घटना तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. येथे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरळ प्रवाह नाही. अमेरिकेतील अंकित समाजाची कला एका वसाहतीतील संमिश्र, अस्थिर समाजाच्या हाती येते आणि त्या समाजाच्या उपजीविकेचे साधन बनते.

स्वातंत्र्यानंतर युरोपीय ग्राहक ओसरला, तरी व्यापारी कंपन्या, चहाचे मळे, ताग आणि अभियांत्रिकी उद्योग यांच्या आधारावर भारतीय अधिकारीवर्गाने ती जागा भरून काढली. १९५६ मध्ये मोकँबो सुरू झाले. मूळचे स्विस मालकीचे ट्रिंकाज १९५९ मध्ये भारतीय मालकांकडे आले. पार्क स्ट्रीटचा जो काळ आज आठवला जातो, तो मुख्यत्वे या दोन घटनांनंतरचा. म्हणजेच त्याला ‘साहेबी काळाचा अवशेष’ म्हणणे कालक्रमाच्याच दृष्टीने चुकीचे आहे. मध्यमवर्गीय निषेधाची सारी भिस्त मात्र नेमकी या समजुतीवर होती.

मंचावरील माणसे कोण होती, हे पाहणे उद्बोधक ठरते. पॅम क्रेन अँग्लो-इंडियन. ब्राझ गोन्साल्विस हा सॅक्सोफोनवादक गोव्यातील नेवरा गावचा. पोर्तुगीज अमदानीतील चर्चशी जोडलेल्या पॅरिश शाळांत मुलांना स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकविले जाई. त्या शिक्षणाच्या शिदोरीवर गोमंतकीय वादकांच्या पिढ्या मुंबई आणि कोलकाता येथे पोट भरण्यासाठी गेल्या. लुई बँक्स दार्जिलिंगच्या नेपाळी कुटुंबातला. त्याचे मूळ नाव डंबर बहादूर बुढाप्रीथी. आजोबांनी नेपाळच्या राजगीताला संगीत दिले होते. वडील ट्रंपेट वाजवीत आणि त्यांनी जॉर्ज बँक्स हे व्यावसायिक नाव धारण केले होते. बेबॉप शैलीचा गिटारवादक कार्ल्टन किटो बंगळूरचा. उषा अय्यर ही मुंबईत वाढलेली तमिळ मुलगी. मिस शेफाली म्हणजे आरती दास ही पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबातली. बंगाली भाषा ही ज्या शहराची सांस्कृतिक ओळख मानली जाते, त्या शहरात या मंडळातील बहुतेकांची मातृभाषा बंगाली नव्हती आणि मंचावरील भाषा तर इंग्रजी होती.

नावांची ही अदलाबदल केवळ व्यावसायिक सोय मानता येत नाही. नेपाळी वादक अमेरिकन वळणाचे नाव घेतो. बंगाली मुलीच्या बाबतीत मात्र प्रक्रिया दुहेरी होते. ‘मिस’ ही उपाधी पाश्चात्त्य मंचाची आणि ‘शेफाली’ हे नाव घरच्या अंगणातल्या फुलाचे. शेफाली म्हणजे आपला प्राजक्त. संध्याकाळनंतर फुलणारा आणि पहाटे गळून पडणारा. एकाच नावात परकेपणा आणि आपलेपणा दोन्ही विकले जावेत, अशी ही योजना आहे. तिच्यापूर्वी या मंचावरील नर्तकी प्रायः युरोपीय वा अँग्लो-इंडियन असत. ‘आपली’ मुलगी तेथे उभी राहिल्यावर आकर्षण आणि रोष दोन्ही वाढले, याचे मूळ या नावातच सापडते.

३

या परिसराला बंगाली साहित्यात स्थान मिळाले ते प्रामुख्याने शंकर (मणिशंकर मुखोपाध्याय) यांच्या १९६२ च्या ‘चौरंगी’ या कादंबरीमुळे. शाहजहान हे काल्पनिक हॉटेल हे तिचे स्थळ. निवेदक एका इंग्रज बॅरिस्टरकडे कारकून होता. ती नोकरी संपल्यावर तो हॉटेलात लागतो. हॉटेलाकडे तो पाहुणा म्हणून पाहत नाही, नोकर म्हणून पाहतो. कादंबरीचे मोठेपण या निवेदनस्थानात आहे. हॉटेलातील नोकरवर्ग गच्चीवरच्या खोल्यांत राहतो. खाली झगमगाट आणि वर तापलेल्या छपराखाली थकलेली माणसे, असा जो उभा छेद शंकर घेतात, त्यातून श्रमाची जागा दृश्यमान होते.

वाद्यवृंदाचा प्रमुख गोमेज आणि कॅबरे नर्तकी कॉनी ही पात्रे या दृष्टीने महत्त्वाची. गोमेजला पाश्चात्त्य अभिजात संगीतकारांविषयी भक्तिभाव आहे. त्याला वाजवावे लागते ते मात्र जेवणाऱ्यांच्या गप्पांखाली दबून जाणारे संगीत. आवडीचे संगीत आणि पगाराचे संगीत यांतील हे अंतर पार्क स्ट्रीटच्या जवळजवळ प्रत्येक वादकाच्या वाट्याला आले असणार. कॉनीच्या प्रयोगात तिच्याबरोबर लँब्रेटा नावाचा एक बुटका माणूस असतो. प्रेक्षक त्याच्यावर हसतात. तो तिचा भाऊ आहे, हे पुढे उघड होते. मंचावरील अश्लीलतेच्या आवरणाखाली एक कुटुंब पोसले जात आहे, ही जाणीव वाचकाला अस्वस्थ करते.

तथापि ‘चौरंगी’ची मर्यादाही येथेच आहे. कॉनीविषयी सहानुभूती निर्माण होते ती तिच्या कलेमुळे होत नाही. तिच्या भगिनीप्रेमामुळे होते. नर्तकीला माणूस म्हणून प्रतिष्ठा मिळावयाची तर आधी ती कुटुंबवत्सल असल्याचे सिद्ध व्हावे लागते. तिचे नृत्य चांगले होते की वाईट, त्याला कौशल्य लागत होते की नाही, तिने ते कोठे शिकले, हे प्रश्न निवेदकाला पडत नाहीत. गोमेजच्या बाबतीतही त्याची थोरवी तो जे वाजवू शकत नाही त्यात शोधली जाते; तो रोज रात्री जे वाजवितो, त्यात नाही. करुणा हा ‘चौरंगी’चा स्थायीभाव आहे. करुणेने माणूस जवळ येतो, हे खरे. परंतु त्याचे काम दूरच राहते.

४

सत्यजित राय यांच्या १९७० च्या ‘प्रतिद्वंद्वी’ आणि १९७१ च्या ‘सीमाबद्ध’ या दोन चित्रपटांत मिस शेफाली पडद्यावर दिसते. पहिला चित्रपट सुनील गंगोपाध्याय यांच्या आणि दुसरा शंकर यांच्या कादंबरीवर आधारलेला. या दोन्ही चित्रपटांची रचना आणि नैतिक सूक्ष्मता वादातीत आहे. येथे विचार करावयाचा आहे तो एका नर्तकीच्या त्यांतील उपयोगाचा.

‘प्रतिद्वंद्वी’त ती दिवसा परिचारिका म्हणून काम करणाऱ्या वेश्येची भूमिका करते. बेकार सिद्धार्थला त्याचा मित्र तिच्याकडे घेऊन जातो आणि सिद्धार्थ तेथून पळ काढतो. या प्रसंगाचा काही भाग राय निगेटिव्ह प्रतिमेत दाखवितात. दिग्दर्शकाच्या दृष्टीने ही सिद्धार्थच्या मनातील उलथापालथ आहे. परंतु ज्या स्त्रीची आकृती अशी उलटी, पांढऱ्याची काळी होते, तिच्यापुरते पाहिले तर तिचा चेहराच पुसला जातो. प्रेक्षकाला कळते ते सिद्धार्थचे भय. ‘सीमाबद्ध’मध्ये ती नर्तकी म्हणूनच येते. पंखे बनविणाऱ्या कंपनीतील महत्त्वाकांक्षी अधिकारी श्यामलेंदू पाटण्याहून आलेल्या आपल्या मेहुणीला, तुतुलला, कोलकात्यातील उच्चभ्रू जीवन दाखवितो. घोड्यांच्या शर्यती, क्लब, आणि कॅबरे. नृत्य चालू असताना आपण तुतुलची अस्वस्थता वाचीत असतो. नर्तकी ही त्या अस्वस्थतेचे निमित्त ठरते.

चिन्हव्यवस्थेच्या भाषेत सांगावयाचे तर दोन्ही चित्रपटांत मिस शेफाली चिन्हक आहे आणि चिन्हित आहे तो बंगाली भद्र पुरुषाचा नैतिक पेच. श्यामलेंदू कारखान्यात कृत्रिम रीतीने टाळेबंदीची परिस्थिती घडवून आणतो आणि बढती मिळवितो. हा खरा अपराध. तो घडतो कार्यालयात आणि दूरध्वनीवर. मंचावर त्याचा मागमूस नाही. राय यांना हे पूर्ण ठाऊक आहे आणि चित्रपटाचा रोख तेथेच आहे. तरीही शहराच्या अधःपाताची दृश्य खूण म्हणून प्रेक्षकांच्या स्मरणात उरते ती नर्तकी. एवढ्या जागरूक दिग्दर्शकाच्या हातूनही हे घडावे, यावरून ‘अपसंस्कृती’ ही कल्पना त्या शब्दाच्या राजकीय प्रचारापूर्वीच दृश्यभाषेत किती मुरली होती, हे लक्षात येते.

या संदर्भात सुमंत बॅनर्जी यांच्या ‘द पार्लर अँड द स्ट्रीट्स’ (१९८९) या ग्रंथातील मांडणी उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिकलेल्या बंगाली अभिजनांनी झुमूर, खेउड यांसारख्या प्रकारांना आणि ते सादर करणाऱ्या स्त्रियांना सभ्य संस्कृतीच्या कक्षेबाहेर कसे ढकलले, याचा आलेख ते काढतात. पार्क स्ट्रीटच्या निषेधाची भाषा डाव्या विचारसरणीची असली, तरी तिची नैतिक घडण बरीच जुनी आहे. फरक एवढाच, की पूर्वी ‘ग्राम्य’ म्हणून जे हद्दपार झाले, त्याच जागी आता ‘विलायती’ आले. मध्यंतरीची एक गोष्ट विसरता येत नाही. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीने याच शहरात जिच्या ध्वनिमुद्रिका घेतल्या, ती गौहरजान आर्मेनियन वंशाची होती आणि अनेक भाषांतून गात होती. संमिश्र वंशाच्या, बहुभाषिक कलावंत स्त्रीची परंपरा कोलकात्याला नवी नव्हती.

५

मिस शेफालीने उतारवयात ‘संध्या रातेर शेफाली’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. २०२० च्या फेब्रुवारीत तिचे निधन झाले. ‘चौरंगी’त आणि राय यांच्या चित्रपटांत जे अनुपस्थित आहे, ते या पुस्तकात सापडते, आणि ते म्हणजे कामाचे वर्णन. फाळणीनंतर निर्वासित झालेल्या कुटुंबातील ही मुलगी लहान वयात एका अँग्लो-इंडियन घरी घरकामाला राहते. तेथील मेजवान्यांतले नाच पडद्याआडून पाहून ती पावले उचलते. एका गायकाच्या मध्यस्थीने ती फिर्पोजमध्ये पोहोचते आणि पुढे ट्विस्टपासून हुलापर्यंत अनेक नृत्यप्रकार आत्मसात करते.

या शिक्षणक्रमाकडे तौलनिक दृष्टीने पाहिले पाहिजे. गोमंतकीय वादक पॅरिश शाळेत स्वरलेखन शिकतो. नेपाळी वादक वडिलांकडून शिकतो. निर्वासित बंगाली मुलगी दुसऱ्याच्या घरात भांडी घासता घासता शिकते. तिन्ही मार्ग विद्यापीठ, संगीतशाळा वा घराणे या मान्य संस्थांच्या बाहेरचे. भद्र समाजाने कलाशिक्षणाची जी व्याख्या केली होती, तिच्यात ते बसत नव्हते. त्यामुळे ‘या नाचाला शिकावे काय लागते?’ असा प्रश्न सहज विचारला गेला.

आत्मकथनातून पुढे येणारी दुसरी गोष्ट म्हणजे पार्क स्ट्रीट आणि उत्तर कोलकाता यांतील दळणवळण. रूढ समज असा, की दक्षिणेकडील नाइट क्लब आणि उत्तरेकडील हातीबागान परिसरातील व्यावसायिक रंगभूमी ही दोन वेगळी जगे होती. मिस शेफाली सत्तरीच्या दशकात विश्वरूपा रंगमंचावर ‘चौरंगी’च्या नाट्यरूपात उतरली. कादंबरीतील नर्तकी जिच्या जगावरून बेतली गेली, तिनेच ती रंगमंचावर साकारावी, हा योगायोग बोलका आहे. नाइट क्लबात पाऊल न ठेवणारा मध्यमवर्ग तिकीट काढून, अनेकदा सहकुटुंब, तिचे नृत्य पाहावयास येत होता. नाटकाच्या कथानकाने त्याला नैतिक परवाना दिला होता. ‘अपसंस्कृती’ची तक्रार करणारा आणि तिचा ग्राहक हे दोन वेगळे समाज होते, असे म्हणता येत नाही.

अर्थात आत्मकथनालाही मर्यादा आहेत. ते सांगितलेले आहे. त्याचे शब्दांकन दुसऱ्या हाताचे आहे. प्रसिद्ध पुरुषांच्या आठवणींना वाचकाची मागणी असते, हे जाणून त्याची मांडणी झालेली आहे. दलित आत्मकथनांच्या वाचनात ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांच्या नात्याचा जसा विचार झाला, तसा येथे करू लागल्यास ‘आम्ही’ फारसे ऐकू येत नाही, हे जाणवते. पार्क स्ट्रीटच्या श्रमिक कलावंतांना जोडणारी सामाजिक भाषाच उपलब्ध नव्हती. हा दोष लेखिकेचा मानता येणार नाही. तो परिस्थितीचा परिणाम आहे.

६

उषा अय्यरचे उदाहरण या संदर्भात वेगळे आहे. मद्रासमधील एका क्लबात गाऊन १९६९ मध्ये ती ट्रिंकाजमध्ये आली. कांजीवरम साडी, मोठे कुंकू, केसांत गजरा आणि तोंडी इंग्रजी गाणी, असा तिचा अवतार होता. क्रूनर या भूमिकेभोवती जे गाऊन आणि धूसर प्रकाशाचे वलय होते, ते तिने नाकारले. साडीमुळे मंचावरील स्त्रीकडे पाहण्याची सवय विस्कटली. लोक सहकुटुंब ऐकावयास येऊ लागले. एका अर्थी विश्वरूपाच्या प्रेक्षकाला नाटकाच्या कथानकाने जो परवाना दिला, तो येथे साडीने दिला. मात्र परवाना मिळाल्यावरही प्रश्न सुटला नाही.

१९७७ मध्ये डाव्या आघाडीचे सरकार सत्तेवर आल्यावर ‘अपसंस्कृती’ हा शब्द शासकीय शब्दकोशात शिरला. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात सार्वजनिक बांधकाम मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी उषा उथुप यांच्या गायनावर हाच आक्षेप घेतला आणि सरकारी सभागृहात त्यांना कार्यक्रम नाकारण्यापर्यंत गोष्ट गेली. त्या न्यायालयात गेल्या आणि निर्णय त्यांच्या बाजूने लागला. येथे आक्षेपाचे लक्ष्य नृत्य नव्हते, वेशभूषाही नव्हती. ती तर आक्षेप घेणाऱ्यांच्या घरातल्यासारखीच होती. उरले संगीत आणि त्याची भाषा. म्हणजे ‘अपसंस्कृती’ हा शब्द अश्लीलतेविषयी आहे हा समज या प्रकरणाने खोटा ठरविला. शहराची संस्कृती कोणत्या भाषेत असू शकते, हा त्यामागचा वाद होता.

उषा उथुप कोलकात्यातच राहिल्या, बंगालीत गाऊ लागल्या आणि कुंकवाच्या जागी बंगाली ‘क’ हे अक्षर मिरवू लागल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री आणि २०२४ मध्ये पद्मभूषण मिळाले. या सन्मानांनी व्यक्तीचे समाधान होईल. मंडळाचा प्रश्न मात्र त्यामुळे झाकला जातो. सन्मानाला पात्र ठरण्यासाठी कलावंताला आधी भाषिक ओळख धारण करावी लागली. पॅम क्रेनने ती धारण केली नाही. २०१३ मध्ये ती गेली तेव्हा तिच्यावरील लेखांचा सूर प्रायः ‘एका युगाचा अंत’ असा होता. तिच्या गाण्याची चिकित्सा त्यांत क्वचितच आढळते.

७

सत्तरीच्या दशकात या मंचांची घडी मोडली. त्याची कारणे अनेक होती : नक्षलवादी उठाव आणि त्याचे दमन, उद्योगांचे स्थलांतर, वीजटंचाई, करमणूक कराचा बोजा, अँग्लो-इंडियन समाजाचे ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडे निघून जाणे. एकट्या सरकारी धोरणाला दोष देणे जितके सोपे, तितकेच अपुरे. अधिक महत्त्वाचा प्रश्न असा, की मंच मोडल्यावर तेथील कला कोठे गेली?

एक धागा बंगाली गाण्याकडे जातो. गौतम चट्टोपाध्याय तरुणपणी पार्क स्ट्रीटवरील मंचांवर गिटार वाजवीत होते. १९७५ च्या सुमारास त्यांनी उभा केलेला ‘मोहिनेर घोडागुलि’ हा बंगाली बँड जीवनानंद दास यांच्या कवितेतून नाव घेतो आणि बाउल संगीत, जॅझ व शहरी लोकगीत यांचा मेळ घालतो. आपल्या काळात दुर्लक्षिला गेलेला हा प्रयोग नव्वदीनंतरच्या बंगाली बँड-चळवळीचा मूळपुरुष मानला जातो. याचा अर्थ असा, की ज्या मंचाला अपसंस्कृती म्हटले गेले, त्यावर वाजविणाऱ्या एका हातातूनच आधुनिक बंगाली गीताची एक शाखा निघाली. बंगाली संगीतेतिहासात या बँडच्या नावातील कवीचा उल्लेख होतो. मंचाचा उल्लेख चरित्रातील किरकोळ तपशील म्हणून येतो.

दुसरा धागा मुंबईकडे येतो. ब्लू फॉक्समध्ये वाजविणारे लुई बँक्स सत्तरीच्या उत्तरार्धात राहुलदेव बर्मन यांच्या निमित्ताने मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवरून प्रथम प्रसारित झालेल्या ‘मिले सूर मेरा तुम्हारा’ या गीताची चाल अशोक पत्की यांची आणि वाद्यसंयोजन लुई बँक्स यांचे. भाषावार विविधतेतून एकात्मतेचे चित्र उभे करणारी ही रचना. तिच्या वाद्यमेळामागे, कोणत्याही एका भाषेच्या खात्यावर न चढलेल्या मंचाचा अनुभव होता. मराठी वाचकाला हा मार्ग अपरिचित नाही. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) च्या संगीतात चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचा सहभाग होता आणि तो पडद्यावरही दिसतो. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) मध्ये मुंबईच्या जॅझयुगाचा हा इतिहास उभा केला आहे. तरीही मराठी संगीतविषयक लेखनात संगीतकार आणि गायक यांच्या मानाने वाद्यसंयोजक अजून अनुल्लेखितच राहतात.

या अनुल्लेखाचे एक साधे कारण आहे. नाइट क्लबातील रोजच्या वादनाचे ध्वनिमुद्रण प्रायः झाले नाही. संहिता नसेल तर समीक्षा कशाची करावयाची, ही अडचण खरी आहे. मौखिक परंपरांच्या अभ्यासाने मात्र ती केव्हाच ओलांडली आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने जी साधने विकसित केली, ती शहरी मंचाच्या अभ्यासाला लावण्यास आडकाठी नसावी.

८

महाराष्ट्रातील दोन प्रसंगांशी तुलना केल्यास वरील विवेचनाला अधिक टोक येते. पहिला लावणीचा. साठीच्या दशकापासून पांढरपेशा प्रेक्षकाने लोकनाट्याचा बाज आणि चित्रपटातील लावणी आपलीशी केली. त्याच काळात संगीतबारीतील स्त्रियांचे सामाजिक स्थान मात्र जागचे हलले नाही. शर्मिला रेगे यांनी लावणी-कलावंतांविषयीच्या लेखनात या अपहरणाची आणि त्यातील जात-लिंगभावाच्या राजकारणाची चिकित्सा केली आहे. विश्वरूपाच्या मंचावरील ‘चौरंगी’ हे त्याचेच कोलकात्यातील रूप. आकृतिबंध स्वीकारला जातो, कलावंत स्वीकारला जात नाही. येथे एक भेद नोंदविला पाहिजे. लावणी-कलावंत स्त्रिया जातिनिष्ठ परंपरेने बांधलेल्या होत्या. पार्क स्ट्रीटचे कलावंत निरनिराळ्या विस्थापनांनी एकत्र आणले होते. त्यामुळे पहिल्यांच्या मागे निदान एक समाज होता. दुसऱ्यांच्या मागे तोही नव्हता.

दुसरा प्रसंग डान्सबारबंदीचा. २००५ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून बारमधील नृत्यावर बंदी घातली. तारांकित हॉटेले मात्र तीतून वगळली. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरविली. कोलकात्यात उच्चभ्रू वस्तीतील मंच निषेधाचा विषय झाला. महाराष्ट्रात उच्चभ्रू मंचाला अभय देऊन कनिष्ठवर्गीय मंच बंद केला गेला. दिशा उलट आहेत. परंतु दोन्ही ठिकाणी शासन मध्यमवर्गीय कुटुंबाच्या नावाने बोलले. आणि दोन्ही ठिकाणी, पोट कोणाचे तुटणार आहे, हा प्रश्न न्यायालयाच्या दारातच प्रथम विचारला गेला. वाङ्मयीन आणि सांस्कृतिक समीक्षेने तो आधी विचारावयास हवा होता.

२००४ मध्ये पार्क स्ट्रीटला मदर टेरेसा यांचे नाव देण्यात आले. लोकांच्या बोलण्यात जुनेच नाव राहिले. २०११ पासून तेथे राज्य शासनाच्या पुढाकाराने नाताळचा उत्सव सुरू झाला. सरकार बदलले होते आणि शब्दही बदलला होता. निषेधाच्या जागी रोषणाई आली. परंतु स्मरणरंजनातील ‘सुवर्णकाळ’ हा ग्राहकाचा सुवर्णकाळ आहे. त्यात खाद्यपदार्थ, वेशभूषा आणि तारुण्य आठवले जाते. वादकाचा पगार, नर्तकीच्या नोकरीची शाश्वती, वृद्धापकाळातील तिची परवड यांना त्यात जागा नाही.

साहित्याचा इतिहास भाषावार लिहिला जातो आणि त्याच्याच धर्तीवर संस्कृतीचाही. पार्क स्ट्रीटचे मंडळ बंगाली इतिहासाला उपरे वाटले, कोंकणी इतिहासाला परगावी गेलेले, नेपाळी इतिहासाला नाव बदललेले आणि इंग्रजी इतिहासाला अनुकरण करणारे. प्रत्येक भाषेने त्यांना शेजारणीच्या दारात उभे केले. तौलनिक साहित्याभ्यास हीच एक ज्ञानशाखा अशी आहे, की जिला भाषांच्या मधली ही जागा स्वतःची म्हणता येईल. ‘चौरंगी’तील गोमेज रोज रात्री काय वाजवीत होता, हे ऐकण्याची तयारी तिने दाखविली, तर ‘अपसंस्कृती’ आणि ‘सुवर्णकाळ’ या दोन्ही शब्दांची गरज उरणार नाही.